उपकारस्तुतीचे धन

आज नाताळ. वसईच्या आळ्या-वाड्यांतून, गोव्याच्या गावागावांतून आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील खेड्यांतून आमचे ख्रिस्ती बांधव प्रभू येशूच्या जन्माचा उत्सव साजरा करीत आहेत. दारोदार चांदण्या लागल्या आहेत, गोठ्याचे देखावे मांडले गेले आहेत, आणि शेजारधर्माच्या जुन्या रीतीप्रमाणे फराळाची ताटे कित्येक हिंदू घरांतही पोचली आहेत. सणाचे हे बाह्य रूप आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. परंतु ज्या शेजाऱ्याच्या घरचा गोड पदार्थ आपण आवडीने खातो, त्याच्या भक्तीचे अंतरंग कोणते, तो देवापुढे उभा राहतो तेव्हा प्रथम काय बोलतो, हे जाणून घेण्याची उत्सुकता आपण सहसा दाखवीत नाही. आजच्या दिवशी त्या अंतरंगातील एका गुणाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते. तो गुण म्हणजे कृतज्ञता. मराठी बायबलात तिला एक फार सुंदर शब्द योजिलेला आहे, तो म्हणजे उपकारस्तुती.

कृतज्ञतेचे महत्त्व हिंदू कुटुंबास नव्याने सांगावयास हवे, असे अर्थातच नाही. पानाभोवती चित्राहुती घालणारे, पहिल्या घासापूर्वी श्लोक म्हणणारे, नव्या पिकाची लोंबी दाराला बांधणारे आणि देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानणारे हे घर आहे. देवास अर्पण न करता खाणारा चोरच होय, असा गीतेचा कठोर निर्वाळा आपल्या पूर्वजांनी शिरोधार्य मानला होता. म्हणूनच शेजारच्या धर्माने याच गुणाची उपासना कशी केली, तिच्यातून आत्म्यास कोणते लाभ होतात असे मानले आणि तिच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीपासून कसे सावध केले, हे पाहणे आपल्यालाही उपकारक ठरेल.

ख्रिस्ती उपासनेचा मध्यबिंदू म्हणजे पवित्र मिस्सा किंवा प्रभुभोजन. आरंभीच्या काळापासून ख्रिस्ती लोक या विधीला युखारिस्तिया या ग्रीक नावाने ओळखत आले आहेत. या शब्दाचा साधा अर्थ आभार मानणे एवढाच आहे. ज्या धर्माने आपल्या सर्वांत पवित्र विधीला ‘आभार’ हेच नाव दिले, त्याच्या भक्तीचे मूळ कोठे आहे हे निराळे सांगावयास नको. या ग्रीक शब्दाच्या पोटात ‘खारिस’ म्हणजे कृपा हा शब्द दडलेला आहे. अगोदर कृपा येते आणि तिच्या पाठोपाठ आभार उमटतो, असा क्रम त्या शब्दानेच जणू सांगून ठेवला आहे. आपला ‘कृतज्ञ’ शब्दही असाच अर्थपूर्ण आहे. जे केले गेले ते जो जाणतो, तो कृतज्ञ. म्हणजे कृतज्ञता ही मुळात ज्ञानाची गोष्ट होय, शिष्टाचाराची नव्हे.

या विधीचा उगम ज्या प्रसंगात आहे तोही विचारात घेण्यासारखा आहे. येशू यहुदी कुळात वाढलेला होता, आणि भाकरी मोडण्यापूर्वी देवाला धन्यवाद देण्याची यहुदी घरांची रीत त्याने आयुष्यभर पाळली. पाच भाकरी आणि दोन मासे समोर असता हजारो भुकेल्यांना बसवून त्याने प्रथम आभार मानले, असे शुभवर्तमान सांगते. पुरेसे झाल्यावर मानलेले ते आभार नव्हते. अपुरे होते तेव्हाच ते मानले गेले. पुढे ज्या रात्री त्याचाच एक शिष्य त्याला शत्रूच्या हाती देणार होता, त्या रात्रीही त्याने भाकरी हाती घेतली, उपकारस्तुती केली, आणि मग ती मोडून सर्वांना वाटली. विश्वासघात दाराशी येऊन ठेपला असता उच्चारलेला तो धन्यवाद आज जगभरच्या प्रार्थनामंदिरांतून स्मरला जातो. ख्रिस्ती कृतज्ञता सुखाच्या भरात नव्हे, तर संकटाच्या तोंडावर जन्मास आलेली आहे, ही गोष्ट ध्यानात ठेविल्यावाचून तिचे मर्म कळावयाचे नाही.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवरून येशू यरुशलेमकडे निघाला असता दहा महारोगी दूर उभे राहून त्याची करुणा भाकू लागले. जवळ येण्याची त्यांना मुभा नव्हती. येशूने त्यांना याजकांकडे जाऊन आपले शरीर दाखविण्यास सांगितले, कारण रोग गेला की नाही हे ठरवून माणसाला पुन्हा समाजात घेण्याचा अधिकार याजकांचा असे. ते निघाले आणि वाटेतच शुद्ध झाले. त्यांपैकी नऊ जण पुढे गेले. एक मात्र माघारी वळला, मोठ्याने देवाचा गौरव करीत आला आणि येशूच्या पायांशी पालथा पडून आभार मानू लागला. तो शोमरोनी होता, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका, आणि धर्माच्या बाबतीत कमी प्रतीचा. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे येशूने विचारले आणि त्या एकाला, तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे, अशा अर्थाचे वचन देऊन निरोप दिला.

या कथेत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. त्या नऊ जणांचा रोग परत आला नाही. आभार मानले नाहीत म्हणून देवाने दिलेले काढून घेतले, असे कथा म्हणत नाही. शिवाय ते कृतघ्न होते असेही म्हणवत नाही. ते सांगितलेल्या कामालाच गेले होते. वर्षानुवर्षे गावाबाहेर काढलेल्या माणसाला घरी जाण्याची घाई झाली, तर त्यास दोष कोण देईल? मग त्या एकाला अधिक काय मिळाले? नऊ जणांना देणगी मिळाली, दहाव्याला दाता भेटला. नऊ जणांची कातडी बरी झाली, दहावा स्वतः बरा झाला. ख्रिस्ती परंपरेने कृतज्ञतेचा जो पहिला आध्यात्मिक लाभ मानला, तो हाच. आभार मानल्याने देवाच्या पदरात काही पडत नाही. माणूस मात्र वस्तूपासून वळून वस्तू देणाऱ्याकडे पाहू लागतो.

येथे आपल्या घरांतील नवसाच्या प्रथेचा विचार सहजच मनात येतो. नवस बोलणे आणि तो फेडणे यात भक्तिभाव नसतो असे आम्ही म्हणणार नाही. संकटात देवाची आठवण होणे, आणि संकट टळल्यावर दिलेला शब्द पाळणे, यात प्रामाणिकपणा आहे. नवसाची रीत ख्रिस्ती लोकांतही आहे. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणबत्त्या आणि मेणाच्या प्रतिमा वाहणारे सर्व धर्मांचे भाविक याची साक्ष देतील. परंतु नवस फिटला की हिशेब संपतो. कृतज्ञतेचा हिशेब संपत नाही, कारण तो मुळी हिशेबच नसतो. आपल्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत पाठवीत नाहीत. चिमूटभर साखर तरी त्यात घालतात. पण देवाचे भांडे परत करताना त्यात काय घालावे? एका स्तोत्रकर्त्याने हाच प्रश्न स्वतःला विचारला होता. देवाने केलेल्या एवढ्या उपकारांची फेड कशी करू, असे तो म्हणतो, आणि त्याचे उत्तर मोठे विलक्षण आहे. तो काही देऊ करीत नाही. देवाने दिलेला तारणाचा प्याला उचलून घेईन आणि सर्वांदेखत त्याचे नाव घेईन, असे तो सांगतो. म्हणजे आनंदाने घेणे हीच फेड. ज्याची फेड होऊ शकत नाही ते मोकळ्या मनाने स्वीकारावयास जी नम्रता लागते, ती मोठमोठ्या दानशूरांनाही साधत नाही.

म्हणून कृतज्ञतेने अहंकार वितळतो, हा तिचा दुसरा लाभ म्हटला पाहिजे. मी कमावले, मी वाढविले, मी उभे केले, ही भाषा तिच्यापुढे टिकत नाही. तथापि मनुष्याचा अहंकार मोठा चतुर आहे. तो आभाराचेही वस्त्र पांघरून देवळात शिरतो. येशूने सांगितलेल्या दुसऱ्या एका दृष्टांतातील परूशी मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानीत होता. आपण इतरांसारखे लोभी, अन्यायी नाही, आणि त्या कोपऱ्यातल्या जकातदारासारखे तर मुळीच नाही, याबद्दल त्याचे आभार होते. त्याची प्रार्थना शब्दांनी उपकारस्तुतीची होती, पण ती देवापर्यंत पोचली नाही. ऊर बडवून दयेची भीक मागणाऱ्या जकातदाराची पोचली. आमची मुले हुशार निघाली, आमचे घर सुखी आहे, देवाची कृपा आहे, असे आपण चारचौघांत म्हणतो, तेव्हा त्यात कृपा किती आणि शेजाऱ्याशी केलेली तुलना किती, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासून पाहावे.

तिसरा लाभ चिंतेच्या संबंधात आहे. संत पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेले पत्र तुरुंगातून लिहिलेले आहे. त्याच गावात पूर्वी त्याला फटके मारून बेड्या घालण्यात आल्या होत्या, आणि मध्यरात्री तो व त्याचा सोबती सीला कोठडीत देवाची गाणी गात होते, असे प्रेषितांच्या इतिहासात म्हटले आहे. असा हा मनुष्य त्या मंडळीला सांगतो की, चिंता करीत बसू नका. जे हवे ते देवाला सांगा, परंतु आभार मानून सांगा. मग बुद्धीला न आकळणारी देवाची शांती तुमच्या अंतःकरणावर पहारा करील. या उपदेशात मागणे निषिद्ध ठरविलेले नाही. केवळ त्याला आभाराची जोड दिली आहे, आणि त्या जोडीनेच मागण्याचे स्वरूप पालटते. जो केवळ मागतो, त्याच्या दृष्टीपुढे जे नाही तेच उभे असते. जो आभार मानून मागतो, त्याला आजवर कोणी सांभाळले याचे स्मरण होते, आणि त्या स्मरणाच्या आधारावर तो उद्याकडे पाहू लागतो. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, वडीलधाऱ्यांचे आजारपण यांच्या काळजीत रात्री जागणाऱ्या कोणत्याही घराला हे औषध परके वाटू नये.

परंतु येथवर आल्यावर एक प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. सर्व काही ठीक असता आभार मानणे सोपे आहे. ज्याचे घर उद्ध्वस्त झाले, ज्याचे मूल गेले, त्याने कशाचे आभार मानावेत? त्याला कृतज्ञतेचा उपदेश करणे ही त्याच्या दुःखाची थट्टा नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रार्थापेक्षा माणसांच्या जीवनात शोधणे बरे.

1618 ते 1648 या काळात जर्मन भूमी तीस वर्षांच्या युद्धात होरपळत होती. सॅक्सनीतील आयलेनबुर्ग या तटबंदीच्या गावात मार्टिन रिंकार्ट नावाचे धर्मगुरू होते. आसऱ्याला आलेल्या निर्वासितांनी गाव तुडुंब भरले होते आणि 1637 साली तेथे भयंकर साथ पसरली. इतर धर्मगुरू गेल्यावर उरलेल्या या एकट्या माणसाने त्या वर्षात चार हजारांहून अधिक लोकांचे अंत्यविधी केले. त्यांत त्यांच्या पत्नीचाही होता. साथीच्या मागोमाग दुष्काळ आला. या रिंकार्टांच्या लेखणीतून उतरलेले एक स्तोत्र आजही जगभरच्या चर्चमध्ये गाइले जाते, आणि ते विलापाचे नसून देवाचे आभार मानणारे आहे. विशेष हे की, ते प्रथम घरच्या मुलाबाळांनी जेवणाच्या वेळी म्हणावे म्हणून रचलेले होते. ज्या घरात पुढे अन्नाची चणचण भासली, त्याच घरात म्हणावयाचे ते आभाराचे गीत होते.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळच्या काळातील आहे. हॉलंडमधील हार्लेम शहरी टेन बूम नावाचे घड्याळजींचे एक भाविक कुटुंब राहत असे. नाझी राजवटीत त्यांनी कित्येक यहुद्यांना आपल्या घरात लपवून वाचविले. 1944 च्या फेब्रुवारीत कुटुंब पकडले गेले. वृद्ध वडील दहा दिवसांत कैदेत वारले. कोरी आणि बेट्सी या दोघी प्रौढ बहिणींना पुढे राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत नेण्यात आले. तेथील कोंदट बराकीत पिसवांचा सुळसुळाट होता. प्रत्येक परिस्थितीत उपकारस्तुती करावी हे पौलाचे वचन आठवून बेट्सीने पिसवांबद्दलही देवाचे आभार मानले. कोरीला ते मुळीच पटले नाही. त्या बराकीत या बहिणी इतर कैदी स्त्रियांना जमवून चोरून बायबल वाचीत, आणि पहारेकरी आत येऊन कधी हटकीत कसे नाहीत, याचे त्यांना नवल वाटे. पुढे कळले की, पिसवांच्या भीतीनेच पहारेकरी आत पाऊल टाकीत नव्हते.

ही कथा येथेच थांबविली तर ती फारच गोड होईल, आणि म्हणूनच खोटी होईल. पिसवांनी बायबल वाचविले. बेट्सीला वाचविले नाही. 1944 च्या डिसेंबरात, नाताळला काही दिवस उरले असता, तिने त्याच छावणीत प्राण सोडला. कोरी त्या महिन्याच्या अखेरीस सुटली आणि 1983 पर्यंत जगली. युद्धाने मोडलेल्या माणसांसाठी तिने आश्रयगृह उघडले आणि देशोदेशी फिरून क्षमेचा संदेश दिला. तेव्हा कृतज्ञता म्हणजे संकट टाळण्याचा मंत्र नव्हे, हे स्पष्ट आहे. मंत्र मानून जो आभार मानील तो पहिल्याच आघाताला देवावर रुसून बसेल. छावणीने बेट्सीचे सर्वस्व हिरावले. पण आभार कोणाचे आणि केव्हा मानावेत हे ठरविण्याचे तिचे स्वातंत्र्य छावणीला हिरावता आले नाही. चौथा लाभ हा. बाहेरच्या सत्तेला जेथे हात घालता येत नाही अशी एक जागा कृतज्ञ माणसाच्या अंतरंगात तयार होते.

पौलाच्या वचनाकडे बारकाईने पाहिले तर त्याचा आशयही हाच दिसतो. प्रत्येक गोष्टीबद्दल नव्हे, तर प्रत्येक स्थितीत उपकारस्तुती करा, असे ते आहे. रोगाबद्दल, अन्यायाबद्दल, मुलाच्या मृत्यूबद्दल आभार मानावेत असे सांगणारा धर्म क्रूर ठरला असता. ती स्थिती कितीही काळी असो, तिच्यातही देव आपल्याला सोडून गेलेला नाही, एवढ्यासाठी तो आभार आहे. बायबलमधील स्तोत्रांच्या ग्रंथात धन्यवादाइतकेच आक्रोशही आहेत, आणि खुद्द येशूने क्रुसावर देवाला उद्देशून आर्त हाक मारली होती. रडण्यास मनाई करणारी कृतज्ञता खोटी होय. अश्रू आणि आभार एकाच प्रार्थनेत सामावतात, हे ज्याला कळले त्यालाच ख्रिस्ती भक्तीतील या गुणाची खोली कळली.

अशी वृत्ती एका दिवसात बाणत नाही. तिला नित्याचा अभ्यास लागतो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली, तिची पहिली पायरी आभाराची आहे. दिवसाकाठी मिळालेल्या देणग्या आठवून आधी देवाचे आभार मानावयाचे, आणि मगच आपले दोष तपासावयाचे. हा क्रम फार शहाणपणाचा आहे. ज्याने प्रथम प्रेम आठवले, तो आपले पाप पाहून खचत नाही. पश्चात्ताप करतो, पण निराश होत नाही. 1542 साली गोव्यास आलेले संत फ्रान्सिस झेवियर हे या इग्नेशियसांचेच सोबती. कृतघ्नता हेच सर्व पापांचे मूळ होय, असे मत इग्नेशियसांनी त्याच वर्षी एका पत्रात व्यक्त केले होते. विचार केला असता ते पटते. जे मिळाले ते पुरेसे नाही, या समजातून लोभ उपजतो. जे मिळाले ते केवळ माझे, या समजातून क्रूरता उपजते.

कृतज्ञतेचा पाचवा, आणि कदाचित सर्वांत मोठा लाभ, शेजाऱ्याच्या पदरात पडणारा आहे. करिंथ येथील मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत लोक आधीच पोटभर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, हे कळल्यावर पौलाने त्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. शेजारी भुकेला असता मानलेले आभार हे त्या पवित्र भोजनाचा अपमानच होत, असा त्याचा भाव होता. या कसोटीवर ख्रिस्ती समाजाचा इतिहास सर्वत्र उतरला असे नाही. 1621 साली अमेरिकेच्या किनाऱ्यावरील प्लिमथ येथे इंग्लंडातून आलेल्या वसाहतवाल्यांनी पहिल्या सुगीचा आनंदोत्सव केला. आदल्या हिवाळ्यात त्यांच्यातील जवळजवळ अर्धी माणसे मरण पावली होती, आणि तेथील वाम्पानोआग लोकांच्या साहाय्यावाचून उरलेलीही तगती ना. पुढे 1863 साली यादवी युद्ध चालू असता राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी आभारदिन राष्ट्रीय सण म्हणून घोषित केला. परंतु ज्यांनी मदत केली, त्यांच्याच वंशजांच्या जमिनी कालांतराने गेल्या, आणि 1970 पासून तेथील मूळ रहिवासी त्याच दिवशी शोक पाळतात. देवाचे आभार मानणे आणि उपकारकर्त्या माणसाला विसरणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हा इतिहासाने दिलेला इशारा केवळ ख्रिस्ती लोकांनाच लागू आहे असे कोण म्हणेल?

याच्या उलट, भूमीशी नाते राखणारी साधी कृतज्ञता आपल्याच किनारपट्टीवर पाहावयास मिळते. गोव्यात ऑगस्ट महिन्यात राय, ताळगाव आदी गावी कोणसाचे फेस्त होते; भाताची पहिली कणसे कापून चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणतात. मंगळूरकडील ख्रिस्ती घरे 8 सप्टेंबरला मोंती फेस्ताच्या दिवशी आशीर्वादित कणसांचे नवे दाणे मिसळून नवान्न जेवतात. मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या आरंभी आगेरा साजरा करतो. कोकणातील नवान्न पौर्णिमा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सोहळे परके वाटणार नाहीत. कणीस तेच, माती तीच, आणि हात जोडण्यामागची भावनाही तीच.

महाराष्ट्राच्या दोन थोर व्यक्तींचे येथे स्मरण करणे उचित होईल. त्यांच्या धर्मांतराने त्या काळी मोठे वादळ उठले होते. त्या वादात शिरण्याचे आज प्रयोजन नाही. पंडिता रमाबाईंनी ऐन तारुण्यात दुष्काळात आईवडील गमावले, मागोमाग बहीण गेली, पुढे भाऊ गेला, आणि विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पती गेला. अशा स्त्रीने आयुष्याकडे गाऱ्हाण्याच्या दृष्टीने पाहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. तिने दुष्काळग्रस्त भागात फिरून अनाथ मुली आणि विधवा केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. 1900 च्या सुमारास तेथे जवळजवळ दोन हजार जीव आसऱ्याला होते. 1907 साली तिने आपली जीवनसाक्ष प्रसिद्ध केली, तिला दिलेल्या नावाचा अर्थ ‘आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष’ असा होता. एवढे गमावलेली स्त्री आपल्या जीवनाला ठेवा म्हणते, तोही अक्षय म्हणते, यातच सारे आले. उपाशीपणा भोगलेल्या रमाबाईंची कृतज्ञता दुसऱ्यांच्या ताटातील भाकरी झाली.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तचरणी पोचलो, असे सांगण्यात त्यांना धन्यता वाटे. 1895 साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने अभंग, भजन आणि कीर्तन यांना मराठी ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. 1917 साली मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ भरविला. जुन्या धर्माचे ऋण नव्या धर्मात गेल्यावरही मोकळेपणाने मान्य करणे, ही कृतज्ञतेचीच एक उंच पायरी होय. ज्या वारकरी परंपरेने त्यांना शब्द दिले, तिचे नाव त्यांनी लपविले नाही. आपणही जे जे शेजाऱ्याकडून शिकलो, ते तितक्याच मोकळेपणाने मान्य करावे.

तात्पर्य, उपकारस्तुती म्हणजे देवाची खुशामत नव्हे, आणि दुःखावर घातलेले पांघरूणही नव्हे. ती दृष्टी आहे. तिच्यामुळे वस्तूमागचा दाता दिसू लागतो, मीपणा ओसरतो, चिंतेची धार बोथट होते, आपत्तीतही अंतःकरणाचा एक कोपरा स्वतंत्र राहतो, आणि हात आपोआप शेजाऱ्याकडे वळतो. या पाच लाभांतील शेवटचा दिसला नाही, तर पहिल्या चारांविषयी शंका घेण्यास हरकत नाही.

आज आपल्या घरांत पूर्वीच्या पिढ्यांच्या मानाने सोयी वाढल्या आहेत आणि गाऱ्हाणीही वाढली आहेत. हातातील लहानशा पडद्यावर दुसऱ्यांची सुखे अहोरात्र दिसत असल्यामुळे आपल्या ताटातील घास कोमट लागू लागला आहे. अशा काळात सायंकाळच्या दिव्यापुढे हात जोडताना, मागणे सांगण्यापूर्वी, त्या दिवशी मिळालेल्या तीन उपकारांचा उच्चार घरातील प्रत्येकाने करावा, एवढेच आम्ही सुचवू इच्छितो. त्यांपैकी एक तरी उपकार एखाद्या माणसाचा असावा: पहाटे दूध घालणाऱ्याचा, घरची भांडी घासणाऱ्या बाईंचा, रुग्णालयात रात्र जागविणाऱ्या परिचारिकेचा. आणि उच्चारून झाल्यावर त्या माणसाला दुसऱ्या दिवशी तसे सांगावेही. रोग गेल्यावर जो माघारी वळला, त्याला देव भेटला तो असाच, रस्त्यावर, एका माणसाच्या पायांशी. आमच्या सर्व ख्रिस्ती बांधवांस नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.